नेट मंद आहे की मुद्दाम मंद केलंय? नेट न्यूट्रॅलिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी ब्रॉडबँड किंवा मोबाईलवर डेटा वापरणाऱ्या साध्या ग्राहकाला पडणारे हे प्रश्न आहेत. उत्तरं भारतातल्या नियमांना धरून दिली आहेत. परदेशाचा उल्लेख गरजेपुरताच.

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे नेमकं काय?

ज्या कंपनीकडून तुम्ही नेट घेता, तिने तुम्ही त्या नेटवर काय बघता, कोणाशी बोलता, कुठलं ॲप उघडता यावरून दुजाभाव करायचा नाही. घरातला पंखा कुठल्या कंपनीचा आहे हे बघून महावितरण युनिटचा दर लावत नाही, तसंच हे. (घरगुती, शेतीचा आणि कारखान्याचा दर वेगळा असतो हे खरं. पण तो फरक ग्राहकाच्या वर्गावरून पडतो, पंख्याच्या कंपनीवरून नाही.) म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन स्वस्त आणि ३०० चा महाग, यात काहीच गैर नाही. पण त्या १०० मध्ये एका व्हिडिओ कंपनीचे व्हिडिओ सुसाट आणि दुसरीचे गोल गोल फिरत राहतील अशी सोय मुद्दाम केली, की नियम मोडला.

हा कायदा आहे की नुसता चांगला विचार?

लेखी नियम आहेत, आणि ते दोन ठिकाणी आहेत. लोक त्यांची सरमिसळ करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला नियम दराचा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी एक विनियम काढला. आशय (म्हणजे तुम्ही नेटवर काय बघता ते) बघून डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही, असं त्यात सांगितलं आहे. अमुक ॲपचा डेटा फुकट आणि बाकीचा पैसे देऊन, असा पॅक त्यामुळे बंद झाला. दंड दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या उलाढालीपुढे ५० लाख म्हणजे चहापाणीच, पण पॅक मागे घ्यायला लावण्याचा अधिकारही ट्रायकडे आहे आणि कंपन्यांना खरी भीती त्याचीच असते. आपत्तीच्या वेळी अत्यावश्यक सेवांसाठी दर कमी करता येतो. तसं केलं तर सात कामकाजी दिवसांत ट्रायला कळवावं लागतं.

दुसरा नियम वागणुकीचा. ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ रोजी शिफारशी दिल्या आणि दूरसंचार विभागाने ३१ जुलै २०१८ रोजी त्या मान्य करून परवान्याच्या अटींत घातल्या. एखादा आशय अडवणं, त्याचा दर्जा पाडणं, त्याचा वेग कमी करणं किंवा दुसऱ्या आशयाला जास्त वेग देणं, हे सगळं त्या अटींनुसार दुजाभावात मोडतं. पाठवणारा कोण, घेणारा कोण, प्रोटोकॉल (डेटा पाठवायची पद्धत) कुठला, ग्राहकाचं उपकरण कुठलं, यांपैकी कशावरूनही भेद करता येत नाही. त्यामुळे टॉरेंट आहे म्हणून दाबलं किंवा इंटरनेटवरून केलेला कॉल आहे म्हणून तोडला, हेही यातच आलं. ही अट परवान्यात असल्यामुळे गल्लीतल्या छोट्या परवानाधारक आयएसपीलाही (नेट पुरवणाऱ्या कंपनीलाही) ती लागू आहे.

एवढे नियम करायची वेळ का आली?

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी डेटाचा वेगळा, चढा दर जाहीर केला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतला. पुढे २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने ओटीटी सेवांवर (नेटवरून कॉल, मेसेज, व्हिडिओ पुरवणाऱ्या ॲपवर) सल्लामसलतीचा मसुदा काढला. ११८ पानं, २० प्रश्न, आणि भाषा अशी की वकिलालाही दोनदा वाचायला लागावी. एरवी अशा मसुद्यांवर कंपन्या आणि चार-दोन संस्था उत्तरं पाठवतात. या वेळी स्वयंसेवकांनी त्याचं सोप्या भाषेत रूपांतर केलं, एका विनोदी गटाने व्हिडिओ काढला आणि ट्रायच्या पत्त्यावर दहा लाखांहून जास्त ईमेल जाऊन पडले. ट्रायने मग ते सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट आपल्या वेबसाइटवर टाकून दिले! ग्राहकांच्या खासगीपणाची राखण करणाऱ्या संस्थेकडून ही अपेक्षा नव्हती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो' आलं. ॲपवाल्या कंपनीने पैसे भरायचे आणि ग्राहकाला तेवढं ॲप फुकट, अशी ती योजना. फ्लिपकार्टची त्यात सामील होण्याची बोलणी चालू होती. लोकांनी प्लेस्टोअरवर त्यांच्या ॲपला एक-एक तारा द्यायला सुरुवात केली आणि १४ एप्रिलला फ्लिपकार्टने अंग काढून घेतलं.

फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' तर गरिबांसाठी फुकट होतं. ते का बंद पाडलं?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला 'भांडवलदारांचा कावा' एवढं म्हणून वाटेला लावू नये. ठरावीक साइट फुकट उघडून देणारी ही योजना. फेब्रुवारी २०१५ मध्ये इंटरनेट डॉट ऑर्ग या नावाने ती रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर आली. ज्या मोजक्या सर्कलमध्ये सुरुवात झाली त्यांत महाराष्ट्र होता. वर्षअखेरीस मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. तो फ्री बेसिक्सवर हवामान बघतो आणि शेतमालाचे भाव बघतो.

त्या शेतकऱ्याला हवामान कळलं तर कोणाचं पोट दुखणार? दुखणं वेगळं होतं. हवामान कुठल्या साइटवर बघायचं आणि भाव कुठल्या साइटवर, ती यादी फेसबुकच्या दारातून जात होती. एखाद्या बाजार समितीने स्वतःची साइट काढली, किंवा नाशिकच्या चार पोरांनी कांद्याच्या भावाचं ॲप काढलं, तर त्या दाराच्या अटी मान्य केल्याशिवाय त्यांना फुकटच्या यादीत जागा नाही. आणि शेजारचं फुकट असताना पैसे मोजून त्यांच्याकडे कोण जाईल? ज्याने अजून खरं इंटरनेट पाहिलेलंच नाही, त्याला तर ती यादी म्हणजेच इंटरनेट वाटणार.

फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून ट्रायला तयार मजकुराचे लाखो संदेश पाठवायला लावले. ट्रायने चार प्रश्न विचारले होते आणि या संदेशांत त्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती, असं ट्रायने फेसबुकला सुनावलं. फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने योजना संपली.

गरिबांपर्यंत फुकट डेटा न्यायचा असेल तर तो कुठल्याही साइटसाठी वापरता येईल असा द्यावा, हा जास्त सरळ मार्ग होता. ट्रायने डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी मोकळा डेटा द्यावा अशी शिफारस केलीही. पण त्याच सुमारास जिओ आलं, डेटाचे दर कोसळले आणि तो वाद बाजारानेच निकालात काढला.

रात्री १२ ते ६ डेटा फुकट मिळतो. हा दुजाभाव नाही का?

नाही. त्या वेळात तुम्ही काहीही बघा, सगळंच फुकट. घड्याळावरून फरक केला आहे, आशयावरून नाही.

रिचार्जबरोबर एखाद्या ओटीटीचं सदस्यत्व फुकट मिळतं, ते कसं चालतं?

तिथे कंपनी तुमची वर्गणी भरते. ती मालिका बघताना डेटा मात्र तुमच्या कोट्यातूनच जातो. डेटा मोजलाच नाही तर तो २०१६ च्या विनियमाचा भंग ठरेल. मला स्वतःला हा फरक थोडा पातळ वाटतो, कारण शेवटी मोठ्या ओटीटीला लहानावर मात करायला यातूनही मदत होतेच. पण नियम डेटाच्या दराचा आहे, वर्गणीचा नाही.

ट्रॅफिक मॅनेजमेंट म्हणजे काय? कंपन्यांना ते करायला परवानगी आहे?

ट्रॅफिक मॅनेजमेंट म्हणजे नेटवर्कवरची डेटाची रहदारी आवरणं. त्याला परवानगी आहे, आणि असलीच पाहिजे. आषाढी एकादशीला पंढरपुरात लाखो वारकरी एकाच वेळी घरच्यांना व्हिडिओ कॉल लावतात. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि ती त्या क्षणी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. अशा वेळी कंपनीने काहीच केलं नाही तर कोणाचाच कॉल धड लागणार नाही.

२०१८ च्या अटींनी वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंटला मुभा दिली आहे, पण त्याला वेसण आहे: गरजेपुरतं असावं, तात्पुरतं असावं आणि उघड असावं. गर्दी असताना सगळ्यांचा वेग सारखा कमी केला, चालेल. नेटवर्कवर हल्ला होत असताना त्या हल्ल्याची रहदारी अडवली, चालेल. गर्दी ओसरल्यावरही एकाच प्रकारचं ॲप दाबून ठेवलं, तर ते व्यवस्थापन राहत नाही.

'उघड असावं' ही अट सगळ्यांत दुबळी आहे. वेग कधी, किती आणि कशासाठी कमी केला हे ग्राहकाला कळलंच नाही तर बाकीच्या दोन अटी पाळल्या की नाहीत हे तपासणार कोण? ट्रायने २२ सप्टेंबर २०२० रोजी या विषयावर वेगळ्या शिफारशी दिल्या. ट्रॅफिक मॅनेजमेंटच्या पद्धतींवर लक्ष ठेवायला कंपन्या, आशय पुरवणारे, संशोधक आणि ग्राहक यांची मिळून एक संस्था असावी, असं त्यांत म्हटलं होतं. कल्पना उत्तम आहे. पण कंपनी काय काय करते याचा साधा तक्ता ग्राहक म्हणून माझ्या हाती कधी पडलेला नाही. नियम चांगला आहे, त्याच्यावरची नजर अधू आहे. भारतातल्या नेट न्यूट्रॅलिटीबद्दल माझी मुख्य तक्रार हीच.

यूट्यूब झकास चालतं आणि इतर साइट रखडतात. हे तर उघड उघड पक्षपात झाला ना?

बहुतेक वेळा नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून थोडं थांबू.

गूगल, नेटफ्लिक्स, मेटा यांसारख्या कंपन्या आपल्या व्हिडिओंच्या प्रती साठवणारे सर्व्हर आयएसपींच्या नेटवर्कमध्येच आणून ठेवतात. सांगलीत बसून तुम्ही एखादं गाजलेलं गाणं लावता तेव्हा ते अमेरिकेतून येत नाही. मुंबईतून, पुण्यातून किंवा तुमच्या आयएसपीच्याच खोलीतल्या कपाटातून येतं. उलट एखाद्या छोट्या वृत्तपत्राची साइट सिंगापूरच्या सर्व्हरवर असेल तर तिचा प्रत्येक तुकडा समुद्राखालच्या केबलमधून येतो. शिवाय तुमच्या आयएसपीने बाहेरच्या दिशेची बँडविड्थ किती विकत घेतली आहे यावरही ते अवलंबून. संध्याकाळी ८ नंतर सगळी सोसायटी घरी आली की ती बाहेरची वाट तुंबते आणि आतल्या कपाटातलं यूट्यूब मात्र मजेत चालू राहतं.

अशा साठवणुकीच्या जाळ्यांना २०१८ च्या अटींतून मुद्दाम वगळलं आहे. पैसेवाल्या कंपन्यांना यातून फायदा होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या स्वतःच्या खर्चाने सामान जवळ आणून ठेवतात, दुसऱ्याची वाट अडवत नाहीत.

मग मुद्दाम दाबलं जातंय हे ओळखायचं कसं?

आधी वायफाय बाजूला ठेवा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवलेला राऊटर हा आपला राष्ट्रीय दोष आहे.

मग वेग दोन-तीन ठिकाणी मोजा. नेहमीची स्पीड टेस्ट बहुधा तुमच्या आयएसपीच्याच किंवा जवळच्या सर्व्हरशी होते, त्यामुळे आकडा छान येतो आणि बाहेरची तुंबलेली वाट त्यात दिसतच नाही. म्हणून सर्व्हर बदलून, दूरच्या शहरातला निवडून मोजा. फास्ट डॉट कॉम ही चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून चालते. तिथे वेग पडला आणि बाकी सगळीकडे ठीक असेल तर ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे. मोबाईलसाठी ट्रायचं मायस्पीड ॲप आहे.

त्यानंतर तीच साइट व्हीपीएन (तुमची रहदारी झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) लावून आणि न लावता, एकाच वेळी, उघडून बघा. व्हीपीएनमधून तुम्ही काय बघताय हे आयएसपीला दिसत नाही, त्यामुळे आशयावरून दाबत असतील तर व्हीपीएन लावल्यावर वेग सुधारतो. सावध मात्र राहा: व्हीपीएनमुळे कधी कधी रहदारीची वाटच बदलते आणि नवी वाट मोकळी असल्यामुळेही वेग वाढतो. हा पुरावा नव्हे, संशयाला आधार आहे. सकाळी ११ ला आणि रात्री १० ला, सलग काही दिवस, तीच चाचणी केली आणि मोकळ्या वेळीही तेवढीच एक सेवा रखडत असेल, तर मात्र विचारायला जागा आहे.

डेटा संपल्यावर वेग एकदम पडतो. तो नियमभंग आहे?

नाही. ती एफयूपी, म्हणजे वापराची मर्यादा, आणि ती सगळ्या आशयाला सारखीच लागते. ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये सांगितलं होतं की फिक्स्ड ब्रॉडबँडवर मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ देऊ नये आणि प्लॅनची माहिती देताना ही मर्यादा स्पष्ट लिहावी. 'अमर्यादित' असं ठळक लिहून खाली बारीक अक्षरांत मर्यादा घालणारी जाहिरात दिसली तर चीड येणं साहजिक आहे, पण तो प्रश्न पारदर्शकतेचा आहे.

जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकाला जास्त वेग, हे चालतं का?

जुलै २०२० मध्ये हाच पेच आला. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी महागड्या पोस्टपेड ग्राहकांना नेटवर्कवर प्राधान्य देणारे प्लॅन आणले. ट्रायने ते थांबवायला सांगितलं. व्होडाफोन आयडिया त्याविरुद्ध दूरसंचार लवादाकडे गेली. घराच्या केबलवर ३०० एमबीपीएस विकत घेणं वेगळं. टॉवर सगळ्यांचा सामाईक असतो, तिथे एकाला पुढे घेतलं की दुसरा मागे जातोच, आणि मागे गेलेल्याला ते कोणी सांगत नाही. काटेकोर बोलायचं तर हा आशयावरचा भेद नाही. ग्राहकाच्या सेवेच्या दर्जाचा मुद्दा आहे. ५जीमध्ये नेटवर्कचे वेगवेगळे तुकडे करून विकता येतात, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढणार.

एखादी साइट उघडतच नाही. हा नेट न्यूट्रॅलिटीचा भंग?

सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने अडवली असेल तर नाही, तसा अपवाद अटींतच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खालचे आदेश गोपनीय ठेवले जातात. पायरसीच्या खटल्यांत न्यायालयंही साइट अडवायला सांगतात. अशाच एका प्रकरणात २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अडवलेल्या पानावर कारण आणि दाद मागण्याची माहिती दिसली पाहिजे. प्रत्यक्षात बऱ्याचदा कोरं पान दिसतं आणि लोक राऊटर बंद-चालू करत बसतात. आदेश नसताना आयएसपीने स्वतःच्या मनाने अडवली असेल, तर मात्र तो भंग आहे.

दंगलीच्या वेळी नेटच बंद करतात, ते?

तो पूर्ण वेगळा विषय. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात नेट बंद होतं, तेव्हा सगळ्यांचंच सगळं बंद होतं; दुजाभावाचा प्रश्नच नाही. त्याला दूरसंचार सेवा तात्पुरती थांबवण्याचे नियम लागू होतात. एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलं आहे.

कंपन्या म्हणतात, यूट्यूब-नेटफ्लिक्स आमचं नेटवर्क वापरतात, त्यांनीही खर्च उचलावा. चुकीचं काय?

ऐकायला रास्त वाटतं. पण व्हिडिओ मागवतो तो ग्राहक, आणि त्या डेटाचे पैसे त्याने रिचार्ज करताना भरलेले असतात. त्याच डेटाचे पैसे दुसऱ्या बाजूनेही घ्यायचे म्हणजे एका मालाचं दोनदा बिल. दक्षिण कोरियात पाठवणाऱ्याने पैसे देण्याची पद्धत आहे. ट्विच ही थेट प्रक्षेपणाची सेवा तिथला नेटवर्कचा खर्च परवडत नाही असं सांगून फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. तोटा कोरियन प्रेक्षकांचाच. आपल्याकडेही ही मागणी दर दोन-तीन वर्षांनी वर येते.

अमेरिकेत तर हे नियम रद्द झाले ना?

२०१५ मध्ये आणले, २०१७ मध्ये काढले, २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने उडवले. युरोपीय संघात २०१५ पासूनचे नियम आहेत. आपल्या नियमांशी अमेरिकेतल्या निकालाचा संबंध नाही.

तक्रार कुठे करायची?

ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. केबलवाल्या दादाला फोनवर सांगितलेली तक्रार ही तक्रार नसते. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. तिथेही काही झालं नाही तर दूरसंचार विभागाच्या सार्वजनिक तक्रार कक्षाकडे, केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवरून. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. टेलिकॉम कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक मंच ऐकू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

'नेट फार स्लो आहे' असं लिहिलंत की उत्तर ठरलेलं येतं: राऊटर रीस्टार्ट करा. त्याऐवजी प्लॅनचा वेग, लॅन केबलवर मोजलेला वेग, कुठली सेवा कुठल्या वेळी रखडते, व्हीपीएन लावल्यावर काय होतं, आणि प्रत्येक चाचणीचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट द्या. मग एक नेमका प्रश्न विचारा: "या सेवेच्या रहदारीवर आपल्या नेटवर्कमध्ये कुठलं ट्रॅफिक मॅनेजमेंट चालू आहे का, असल्यास कधीपासून आणि कोणत्या कारणाने, हे लेखी कळवावे." याचं उत्तर राऊटर रीस्टार्ट करून देता येत नाही.